स्प्रिंगची एअर रायफल: घेणे, जुळवणे, चालवणे. खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सारंगखेड्याच्या यात्रेत फुगे फोडताना छर्ऱ्याची बंदूक बहुतेकांनी एकदा तरी खांद्याला लावलेली असते. पुढे कोणी स्वतःची घेतो आणि महिनाभरात प्रश्न सुरू होतात: नेम का हलतो, धूर का येतो, स्प्रिंग बदलू का. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. एक गोष्ट उत्तरांत वारंवार येईल, ती आधीच सांगतो. या बंदुकीत ताकदीला महत्त्व कमी आणि सारखेपणाला जास्त. दहा छर्रे सारख्या वेगाने सुटले आणि बंदूक दहाही वेळा सारखी हलली, की नेम बसतो.

स्प्रिंगची बंदूक नेमकी चालते कशी?

बॅरल खाली वाकवली की आतला पिस्टन मागे जातो, स्प्रिंग दाबली जाते आणि सिअर नावाच्या खटक्यात पिस्टन अडकतो. चाप ओढला की पिस्टन सुटतो आणि पुढची हवा दाबत जातो. ही दाबलेली गरम हवा एका बारीक भोकातून छर्ऱ्यामागे येते आणि छर्रा ढकलते.

पिस्टन पुढे जाताना बंदूक मागे सरकते. पिस्टन शेवटी हवेच्या उशीवर आदळतो तेव्हा ती पुढे झटका खाते. छर्रा पिस्टनच्या प्रवासाच्या अगदी शेवटी हलायला लागतो, म्हणजे तो बॅरलमध्ये असतानाच बंदूक दोन्ही दिशांना हललेली असते. स्प्रिंगच्या बंदुकीचे निम्मे प्रश्न या दोन झटक्यांमधून निघतात. पकड, स्कोप (नेमाची दुर्बीण), स्क्रू यांबद्दल पुढे जे सांगितले आहे त्याचे मूळ इथे आहे.

परवाना लागतो का?

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे बोअर (बॅरलच्या आतला व्यास) ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मि.मी.पर्यंत आणि ऊर्जा २० जूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. ०.२२ बोअरच्या एअर रायफलला लागतो. दुकानदार फोटो ओळखपत्र मागतो, ते द्यावे. बिल पक्के घ्यावे, त्यावर बोअर आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा. बिलाची एक प्रत बंदुकीच्या कव्हरमध्ये कायम राहू द्या. नाकाबंदीत पोलिसाला लांबून एअरगन आणि खरी रायफल यांत फरक दिसत नाही. त्यामुळे नेताना बंदूक कव्हरमध्ये, न ताणलेली आणि छर्रे वेगळ्या पिशवीत. मोटारसायकलवर खांद्याला उघडी लटकवून नेऊ नका. निवडणुकीच्या किंवा जमावबंदीच्या काळात शस्त्र बाळगण्यावर जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश असतात, तेव्हा ती घरीच राहू द्या.

वावरात रानडुकरे, रोही येतात, मक्यावर पोपट बसतात. त्यांना हुसकावायला चालेल का?

नाही. या एका प्रश्नाला आमच्याकडे दुसरे उत्तर नाही.

वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ प्रमाणे वन्य प्राणी मारणे, जखमी करणे आणि तसा प्रयत्न करणे, सगळे शिकारीतच मोडते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मोरासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला किमान तीन वर्षे कैद आहे. यावल आणि अनेर धरण अभयारण्यांच्या हद्दीत लेखी परवानगीशिवाय कोणतेही शस्त्र घेऊन पाऊल टाकणे हाच गुन्हा आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण तिथे जंगलाची हद्द कुठे सुरू होते ते डोळ्यांना दिसत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी अर्ध्या ग्रॅमचा छर्रा डुकराला मारत नाही. तो कातडीखाली रुततो, जखम चिघळते आणि पिसाळलेले जनावर दुसऱ्या दिवशी निंदणीला आलेल्या बाईच्या अंगावर जाते. नुकसान झाले तर ताबडतोब वनविभागाकडे अर्ज करून पंचनामा करून घ्या. रोही आणि रानडुकराच्या नुकसानीची भरपाई मिळते. पोपटांसाठी चमकती फीत आणि सकाळ-संध्याकाळचे राखण एअरगनपेक्षा जास्त उपयोगी पडते. गल्लीतल्या कुत्र्यावर छर्रा झाडणे हाही गुन्हाच आहे.

पहिली बंदूक कशी निवडावी?

बॅरल वाकवून ताणायची, १० ते १४ जूलची, लाकडी किंवा चांगल्या प्लास्टिकच्या दस्त्याची, मागची साईट बारीक फिरवता येणारी. एवढे पुरे. खोक्यावर मोठा वेग छापलेला असतो, पण तो सर्वांत हलक्या छर्ऱ्यावर मोजलेला असतो. त्याला भुलू नका. जास्त ताकदीची बंदूक ताणायला जड, झटक्याला जोरदार आणि शिकायला अवघड. नवख्याने त्यावर पहिले सहा महिने फुकट घालवू नयेत.

गॅस रॅमची बंदूक स्प्रिंगच्या बंदुकीसारखीच दिसते. आत स्प्रिंगच्या जागी दाबलेल्या वायूचा सिलिंडर असतो. तिचा झटका छोटा आणि तीक्ष्ण. भरून ठेवली तर स्प्रिंग दमते तशी ती दमत नाही. मात्र रॅम गळला की घरी दुरुस्त होत नाही, पूर्ण बदलावा लागतो. स्वतः उघडून शिकायची आवड असेल तर स्प्रिंगच घ्या.

जुनी बंदूक घेताना काय पाहावे?

छर्रा न घालता बॅरल बंद करून डावी-उजवीकडे हलवा. बिजागरीत जाणवण्याइतकी खळखळ असेल तर नेम कधीच स्थिर होणार नाही. मोकळ्या उजेडाकडे धरून ब्रीचकडून, म्हणजे छर्रा घालतो त्या मागच्या तोंडाकडून, बॅरलमध्ये बघा. आतली वर्तुळे एकाच मध्यावर दिसली पाहिजेत. ती एका बाजूला झुकलेली असतील तर बॅरल वाकलेली आहे. बॅरल उघडी असताना कोणी चाप ओढला की ती झटक्याने वर बंद होते आणि नेमकी तशीच वाकते. त्यात बोटही जाऊ शकते. म्हणून छर्रा घालताना दुसऱ्या हाताने बॅरल घट्ट धरलेली असलीच पाहिजे.

मग ताणून बघा. खरखर, किरकिर आवाज येत असेल तर स्प्रिंग कोरडी किंवा तुटलेली. अर्ध्या रस्त्यात एकदम सैल झाल्यासारखे वाटले तर बहुधा तुटलेलीच. दस्त्याच्या मानेवर, म्हणजे चापामागच्या बारीक भागात, नखाने चीर शोधा. लाकूड तिथेच फुटते.

यात्रेतल्या बंदुकीचा नेम का लागत नाही?

दिवसभरात शेकडो वेळा ती ताणली जाते, पिस्टनच्या टोकाचा हवा अडवणारा वॉशर (सील) वाळलेला असतो, छर्रे कसेही असतात आणि बऱ्याचदा मुले रिकामीच वाजवतात. वाकलेली बॅरल आणि सैल साईट त्यात भर. आणखी काही शोधायला नको.

रिकामी वाजवली तर काय बिघडते?

छर्रा असला की त्याच्यामागे हवा अडते आणि पिस्टनला उशी मिळते. छर्रा नसला की हवा सरळ निघून जाते आणि पिस्टन सिलिंडरच्या तोंडावर लोखंडावर लोखंड आदळतो. सील चेपते, स्प्रिंगचे शेवटचे वेटोळे तुटते. एकदा चुकून झाले तर घाबरू नका, सवय मात्र नको.

बंदूक स्टँडमध्ये घट्ट पकडली तरी छर्रे पसरतात. दोष बंदुकीत की माझ्यात?

घट्ट पकडण्यातच दोष आहे. बंदुकीला तिचे दोन झटके खाऊ द्यायचे असतात, पण दर वेळी सारखेच. घट्ट पकड कधीच दोनदा सारखी होत नाही. सैल पकड होऊ शकते.

पुढचा हात उघडा ठेवा आणि दस्ता तळहातावर नुसता टेकवा, बोटे गुंडाळू नका. सुरुवात चापाच्या कड्याच्या पुढे दोन बोटांवरून करा. मग दर दहा छर्ऱ्यांनंतर हात तीन-तीन सेंटीमीटर पुढे नेऊन बघा. प्रत्येक बंदुकीला एक जागा असते जिथे ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा घोळका, एकदम लहान होतो. ती सापडली की तिथे दस्त्यावर छोटी चिकटपट्टी लावा आणि पुन्हा कधी बदलू नका. मागचा भाग खांद्याला हलका लागलेला असावा, खेचलेला नको. अंगठा मानेवरून गुंडाळण्याऐवजी बाजूला ठेवा. गाल दर वेळी त्याच ठिकाणी, त्याच वजनाने टेकवा. नेम धरून डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. नेम सरकलेला असेल तर हाताने ओढून दुरुस्त करू नका. कंबर किंवा पाय सरकवून सगळे शरीर फिरवा. हात जिथे नैसर्गिकपणे थांबतो तिथेच बंदूक झटका खाऊन परत येते.

चाप सुटल्यावरही दोन सेकंद तसेच थांबा. नवख्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते. छर्रा कुठे लागला ते बघायला डोके वर येते, आणि ते येते छर्रा बॅरलमध्ये असतानाच.

टेकू हवा असेल तर वाळूच्या पिशवीवर हात ठेवा आणि हातावर बंदूक. बंदूक थेट पिशवीवर, ओट्यावर किंवा दगडी बांधावर टेकवली की छर्रे बहुधा वर जातात.

कोणते छर्रे चांगले?

हे तुमची बॅरल ठरवते, बंदुकीचे नाव नाही. दोन बंदुका एकाच कारखान्याच्या, एकाच दिवशी बनलेल्या असल्या तरी त्यांना वेगवेगळे छर्रे आवडू शकतात.

१० ते १४ जूलच्या ०.१७७ बंदुकीसाठी ७ ते ९ ग्रेनचे छर्रे योग्य. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. जेएसबी एक्झॅक्ट ८.४४ ग्रेन, आरडब्ल्यूएस सुपरडोम ८.३ ग्रेन, आरडब्ल्यूएस हॉबी ७ ग्रेन ही नावे नेहमी कानावर येतील. देशी छर्ऱ्यांतही काही डबे चांगले निघतात, पण डब्याडब्यांत फरक पडतो. म्हणून आवडलेल्या लॉटचे तीन-चार डबे एकदम घ्या. फार हलका छर्रा लवकर सुटतो आणि पिस्टनला पुरेशी उशी मिळत नाही. फार जड छर्रा अडून राहतो, पिस्टन हवेवर उसळून मागे येतो आणि वेग डगमगतो.

चाचणी अशी करा. चार-पाच प्रकारांचे प्रत्येकी ३० छर्रे घ्या. नव्या प्रकाराचे पहिले १० नुसते बॅरल बसवण्यासाठी मारा, ते मोजू नका. मग १० मीटरवर दहा-दहाचे दोन ग्रुप. त्यांतल्या सर्वांत चांगल्या दोन प्रकारांना २५ मीटरवर पुन्हा तसेच तपासा. पाच छर्ऱ्यांचा छान ग्रुप फसवतो, दहाचा सहसा फसवत नाही.

मागचा घेर चेपलेले छर्रे बाजूला काढा. अंगठ्याने घालताना छर्रा ब्रीचच्या पातळीला नीट बसवा, अर्धा बाहेर राहिलेला छर्रा बॅरल बंद होताना चेपतो. एकदा वापरलेले छर्रे पुन्हा वापरू नका आणि लोखंडी गोळ्या तर रायफलिंग (आतून पिळाच्या खाचा) असलेल्या बॅरलमध्ये कधीच नको. छर्रे शिशाचे असतात. तोंडात धरू नका, मारून झाल्यावर हात साबणाने धुवा आणि मगच चहा.

स्कोप दोन आठवड्यांत बिघडला. महागडा घेऊ का?

किमतीपेक्षा तो स्प्रिंगच्या बंदुकीसाठी बनवलेला आहे का ते पाहा. खऱ्या रायफलचा स्कोप मागच्या झटक्यासाठी बांधलेला असतो. इथे पुढचाही झटका बसतो, म्हणून आतली तारांची चौकट सुटते. शिवाय पॅरलॅक्स १० मीटरपर्यंत जुळवता आला पाहिजे, नाहीतर डोळा जरा हलला की नेमही हलल्यासारखा दिसतो.

माउंट एकसंध घ्या आणि त्याची खालची खुंटी बंदुकीवरच्या भोकात अडकवा. ती नसेल तर स्कोप दर छर्ऱ्याला केसभर मागे सरकत जातो. रिंगांचे स्क्रू आलटून-पालटून, थोडे-थोडे आवळा.

पाव मिनिटाच्या (मिनिट हे इथे कोनाचे माप) क्लिकचा स्कोप १० मीटरवर दर क्लिकला साधारण ०.७ मि.मी. सरकतो. छर्रा १४ मि.मी. खाली लागत असेल तर वर वीस क्लिक. ८.४४ ग्रेनचा छर्रा २१० मीटर प्रतिसेकंद वेगाने जात असेल, स्कोप बॅरलपेक्षा ४ सें.मी. उंच असेल आणि शून्य, म्हणजे छर्रा नेमावरच लागतो ते अंतर, २५ मीटरवर जुळवले असेल, तर १० मीटरवर छर्रा ४ मि.मी. खाली, २० वर ६ मि.मी. वर आणि ३० वर सुमारे १३ मि.मी. खाली लागतो. ताशी १० कि.मी.चा आडवा वारा २५ मीटरवर साधारण अडीच ते तीन सेंटीमीटर ढकलतो. एप्रिल-मेच्या दुपारच्या झळांत मोकळ्या वावरात जुळवाजुळव करू नका, सकाळी आठच्या आत उरका.

वेग मोजायचे यंत्र नाही. ऊर्जा कशी काढू?

मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून चांगला अंदाज येतो. १० मीटरवर पत्र्याची छर्रापेटी (छर्रे अडवणारी पेटी) ठेवा, मोबाईल बॅरलच्या तोंडाशेजारी. रेकॉर्डिंग एखाद्या आवाजाच्या ॲपमध्ये उघडा आणि सुटण्याचा ‘ठप’ आणि पत्र्याचा ‘टण’ यांतला वेळ मोजा. त्यातून आवाज परत यायला लागलेला वेळ वजा करायचा.

इथे खानदेशची हवा हिशेबात घ्यावी लागते. ४० अंशांवर आवाज सेकंदाला ३५५ मीटर जातो, १० अंशांवर ३३७. समजा मे महिन्यात ७५ मिलिसेकंद मिळाले. आवाजाचे १० मीटर म्हणजे २८.२ मिलिसेकंद. उरले ४६.८. दहा मीटर भागिले ०.०४६८ म्हणजे सुमारे २१४ मीटर प्रतिसेकंद. इथे चुकून हिवाळ्याचा आकडा वापरला तर उत्तर २२१ येते.

ऊर्जा काढायला वजन किलोग्रॅममध्ये घ्या, त्याला वेगाच्या वर्गाने गुणा आणि निम्मे करा. ८.४४ ग्रेन म्हणजे ०.०००५४७ किलो, त्यामुळे २१४ ला साडेबारा जूल येतात. याच छर्ऱ्याने २० जूल गाठायला सुमारे २७० मीटर प्रतिसेकंद लागतील. दहा छर्ऱ्यांतला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेग यांत ४-५ मीटरचा फरक असेल तर बंदूक निरोगी. १५ चा असेल तर आत काहीतरी बिघडले आहे.

धूर येतो, फटाक्यासारखा आवाज येतो. ताकद वाढली का?

पिस्टनपुढे तेल गेले आहे आणि दाबलेल्या गरम हवेत ते पेटते आहे. डिझेल इंजिनात होते तेच. नव्या बंदुकीत कारखान्यातले तेल जळेपर्यंत, म्हणजे पहिल्या शंभरेक छर्ऱ्यांत, हलका धूर साहजिक आहे. त्यानंतरही आवाज येत असेल तर ते नुकसान आहे. सील जळते, स्प्रिंग उलटी आपटते, वेग दर वेळी वेगळा.

कारण बहुतेक वेळा एकच असते. कोणीतरी ब्रीचजवळच्या भोकात मोटारसायकलचे इंजिन ऑइल किंवा गंजरोधक स्प्रे टाकलेला असतो. उन्हाळ्यात हे जास्त दिसते, कारण ४४-४५ अंशांत पातळ ग्रीस वितळून पुढे सरकते. भुसावळच्या उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या बंदुकीचे आतून काय होत असेल, याचा विचार करा. उपाय: छर्रे मारत राहा, पन्नासेक छर्ऱ्यांत जळून जाईल. न गेल्यास उघडून पुसा.

मग तेल घालायचे तरी कुठे?

बिजागरीला आणि ताणायच्या दांड्याच्या जोडाला मॉली (मॉलिब्डेनमच्या) ग्रीसचा ठिपका. बाहेरच्या लोखंडावर हलक्या तेलाचे फडके. पिस्टनपुढे, सिंथेटिक सील असेल तर काहीच नाही.

जुन्या देशी बंदुकांत चामडी वॉशर असतो. चामडे कोरडे पडले की आक्रसते आणि हवा गळते. तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब तीन-चारशे छर्ऱ्यांमागे भोकातून टाका आणि बंदूक रात्रभर तोंड वर करून उभी ठेवा. पहिले पाच-सहा छर्रे धूर काढतील. आपली बंदूक कोणत्या जातीची ते माहीत नसेल तर आधी शोधा, मग थेंब.

ताकद कमी झाली. स्प्रिंग बदलावी का?

आधी स्वस्तातले तपासा. ब्रीचवर पातळ कागदाची अर्धा इंच रुंद पट्टी ठेवून छर्रा मारा. कागद उडाला तर ब्रीचचे सील गळते आहे. सील काढून त्याच्या मागे पातळ पत्र्याची किंवा फिल्मची चकती घातली, की ते केसभर वर येते आणि बऱ्याचदा काम भागते. तरी गळत असेल तर सील नवे. त्यानंतर पिस्टनचे सील. स्प्रिंगचा नंबर शेवटचा.

आणि नेम बिघडला असेल, ताकद नाही, तर दस्त्याचे स्क्रू बघा. पुढच्या भागातले दोन आणि चापाच्या कड्याचे दोन. दर शंभर छर्ऱ्यांनी हात लावून पाहा. मार्च ते जून आमच्याकडे लाकूड वाळून आकसते आणि कालचा घट्ट स्क्रू आज फिरतो. निळे थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) एक थेंब लावा, लाल नको, ते पुन्हा निघत नाही. नेम गेला म्हणून बंदूक उघडणाऱ्या अनेकांचा दोष या चार स्क्रूंमध्येच असतो.

स्वतः उघडून नीट कशी करावी?

स्प्रिंग आत दाबलेल्या अवस्थेत बसलेली असते. पिना काढल्या की ती मागचा ठोकळा तोफेसारखा फेकते. हाताने दाबून, छातीवर टेकवून उघडू नका. प्रेस लागतेच. दोन फळ्यांवर सुताराचा लांब बार क्लॅम्प बसवला तरी चालतो, बंदूक बाजूला सरकणार नाही अशा खाचा मात्र करा. डोळ्यांवर चष्मा.

बंदूक रिकामी आणि न ताणलेली आहे याची खात्री करा. दस्ता काढा. क्लॅम्पने मागचा ठोकळा किंचित दाबा, इतकाच की पिना सैल होतील. पिना पंचने ढकला, चाप बाहेर काढा, मग क्लॅम्प सावकाश उघडा. स्प्रिंग मोकळी होताना किती सेंटीमीटर बाहेर आली ते लिहून ठेवा. बिजागरीचा बोल्ट आणि ताणायचा दांडा काढल्यावर पिस्टन निघतो. प्रत्येक भाग पांढऱ्या कापडावर काढल्या क्रमाने ठेवा आणि मोबाईलवर फोटो घ्या.

सगळे रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवा. स्प्रिंग काचेवर गडगडवा. डगमगली तर वाकलेली आहे. सिलिंडरमधल्या खाचेच्या कडांना बारीक बुरी असतात, त्या नव्या सीलला कापतात. ४०० आणि मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त कडा मोडा. सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी करू नका, सिअरच्या खाचेला तर पेपर लावूच नका.

खरा फरक पडतो तो स्प्रिंग गाईडने, म्हणजे स्प्रिंगच्या आत बसणाऱ्या दांड्याने. कारखान्याचा गाईड सैल असला की स्प्रिंग सुटताना थरथरते आणि ‘टंग्ग’ असा आवाज गालाला जाणवतो. एमआयडीसीतल्या कोणत्याही लेथवाल्याकडून नायलॉन किंवा डेलरिनच्या दांड्यातून नवा काढून घ्या. स्प्रिंग त्यावर अंगठ्याच्या जोराने सरकली पाहिजे, आपोआप पडता कामा नये, ठोकावीही लागू नये. लेथवाल्याकडे स्प्रिंग स्वतः घेऊन जा, कागदावरच्या मापाने काम बिघडते.

वंगण जितके कमी तितके चांगले. पिस्टनच्या मागच्या घेराला मॉली पेस्ट, हरभऱ्याच्या डाळीएवढी, बोटाने पुसून फक्त करडा रंग राहील इतकी. स्प्रिंगच्या बाहेरून चिकट डॅम्पिंग ग्रीसचा पातळ थर. गाडीचे चासी ग्रीस नको, उन्हाळ्यात ते पुढे वाहते. नवे सील सिलिंडरमध्ये अंगठ्याने ढकलून सरकले पाहिजे.

बसवल्यावर पहिल्यांदा ताणताना बॅरल सोडू नका. सिअर पकडतो का ते तीन-चारदा बघा, मग छर्रा घाला. पहिले शंभर छर्रे वेग बदलत राहील. नंतरच मोजा.

जास्त ताकदीची स्प्रिंग टाकू?

नको. सिलिंडरची हवा तेवढीच, भोक तेवढेच. जड स्प्रिंगने पिस्टन जोरात आदळतो, झटका वाढतो, वेग थोडासाच वाढतो. कधी कमीही होतो. दस्ता फुटतो, सिअर झिजतो. आणि २० जूलच्या वर गेलात तर विनापरवाना शस्त्र तुमच्या घरात आहे.

ट्रिगर फार जड आहे.

समायोजनाचा स्क्रू असेल तर अर्धा-अर्धा फेरा फिरवा, प्रत्येक वेळी ताणून दस्त्याच्या मागे रबरी हातोड्याने हलके ठोका. सुटली तर फेरा मागे घ्या. स्क्रू नसेल तर घरी घासू नका. घासलेला सिअर एखाद्या दिवशी हात बॅरलवर असतानाच सुटतो.

सराव कुठे करावा?

०.१७७ चा छर्रा उंच मारला तर तीनशे मीटरपर्यंत जाऊ शकतो. म्हणून मागे काय आहे ते आधी.

केळीच्या बागेकडे तोंड करून कधीही मारू नका. बागेत घड कापणारा, ठिबक बघणारा माणूस पानांआड दिसत नाही, आणि छर्रा पान सहज पार करतो. काळ्या दगडाची भिंत, विहिरीचे पाणी, लोखंडी खांब यांवरून छर्रा उसळून परत येतो. मातीची धाब्याची भिंत उसळू देत नाही, पण पलीकडच्या शेजाऱ्याला विचारून घ्या.

चांगली छर्रापेटी घरी होते. प्लायची ३० बाय ३० सें.मी.ची, २० सें.मी. खोल पेटी, मागे ३ मि.मी.चा पत्रा आणि पुढे घट्ट दाबलेल्या जुन्या चिंध्या किंवा गोधडीचे तुकडे. समोर टार्गेटचा कागद. पाचशे छर्ऱ्यांनंतर चिंध्या बदला. गोळा झालेले शिसे घरात वितळवू नका, भंगारात द्या.

बॅरल किती वेळा साफ करावी?

हजारेक छर्ऱ्यांनी, किंवा ग्रुप अचानक पसरला तर. गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी दुहेरी करा, घडीत सुती चिंधी अडकवा आणि ब्रीचकडून तोंडाकडे ओढा. चिंधी कोरडी येईपर्यंत. लोखंडी गज नको. साफ केल्यावर पहिले दहा-वीस छर्रे भटकतील, बॅरल पुन्हा बसते.

पावसाळ्यात गंज येतो.

फोमच्या किंवा रेक्झिनच्या कव्हरमध्ये ठेवल्यामुळे. कव्हर फक्त प्रवासाला. घरी कुलूपबंद कपाटात, हवा लागेल अशी उभी ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. हाताळल्यावर दर वेळी हलक्या तेलाच्या फडक्याने पुसा, घामाचे बोट एका रात्रीत ठसा सोडते. लाकडी दस्त्याला वर्षातून दोनदा, मार्चच्या आधी आणि पावसाच्या आधी, कच्च्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. तेलाची चिंधी गोळा करून ठेवू नका. ती आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून टाका.

भरून ठेवली तर चालते?

काही मिनिटे चालते. तासन्‌तास ठेवली तर स्प्रिंग दमते. त्याहून मोठी गोष्ट, ताणलेली बंदूक पोरांच्या हाती लागू शकते.

मुलाला शिकवायचे आहे.

बंदूक त्याच्या अंगाला जड असेल तर थांबा. ताणताना दोन्ही हात थरथरत असतील तर ती त्याच्यासाठी नाही. पहिले पंधरा दिवस छर्रा न घालता आणि न ताणता नुसती पकड, श्वास आणि साईट. मोठे माणूस शेजारी, दोघांच्या डोळ्यांवर चष्मा, बोट चापाच्या बाहेर.

स्पर्धेची इच्छा असेल तर १० मीटर एअर रायफल हा प्रकार आहे. त्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्धा मि.मी.चा आणि पूर्ण वर्तुळ ४५.५ मि.मी.चे असते. वरच्या स्तरावर आता दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवरच्या रायफली चालतात. पण ज्याने स्प्रिंगच्या बंदुकीवर सैल पकड आणि सुटल्यानंतर थांबणे शिकले, त्याला त्या रायफलीवर नवीन फारसे शिकावे लागत नाही.